त्रिंकोमाली, एकास चौसष्ट

लाकडी जहाजाची प्रतिकृती समोर आली की बहुतेकांची नजर आधी वर जाते. तीन डोलकाठ्या, त्यांवरची आडवी परबाणं, दोरांचं दाट जाळं. ‘बापरे, केवढं बारीक काम!’ म्हणत माणूस पुढं सरकतो. दोरकाम कौतुकाचं असतंच, पण ते चिकाटीनं जमतं. करणाऱ्याला जहाज किती कळलंय हे पाहायचं तर नजर खाली, पाण्यात बुडणाऱ्या कुशीवर आणावी लागते. तिथं नाळेपासून सुकाणूपर्यंत धावणाऱ्या फळ्यांच्या रेषा कुठं अडखळत नसतील, कुठं एकाएकी अरुंद किंवा रुंद होत नसतील, तर खुशाल समजावं की हा माणूस जहाजाच्या आकारात पुरता मुरला आहे.

मुलुंडला राहणाऱ्या आप्पांनी केलेल्या प्रतिकृतीत त्या रेषा तशा धावतात. आप्पा एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले फिटर. त्यांनी निवडलेलं जहाज म्हणजे एचएमएस त्रिंकोमाली, आणि प्रमाण एकास चौसष्ट. खऱ्या जहाजाची तोफांच्या मजल्यावरची लांबी सुमारे १५० फूट आणि रुंदी सुमारे ४० फूट. आप्पांच्या टेबलावर त्याची झाली ७१ सेंटिमीटर आणि १९ सेंटिमीटर.

त्रिंकोमाली हे मुंबईचं अपत्य. मलबारच्या सागवानातून ते मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांनी बांधलं, आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ते पाण्यात उतरलं. त्याचे आराखडे लंडनहून यायचे होते. ते ज्या जावा नावाच्या युद्धनौकेवर होते, तिचा डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशन या जहाजानं पाडाव केला. आराखडे नव्यानं पाठवावे लागले आणि तळकणा बसायला १८१६ साल उजाडलं. वाडियांच्या प्रथेनुसार त्या तळकण्यात चांदीचा खिळा ठोकला गेला. आज हे जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे, आणि पाण्यावर तरंगत असलेलं ते सर्वांत जुनं ब्रिटिश लढाऊ जहाज आहे. नेल्सनचं व्हिक्टरी वयानं मोठं, पण ते १९२२ पासून पोर्ट्समथच्या कोरड्या गोदीत आहे. आप्पांनीही आपल्या तळकण्यात चांदीच्या तारेचा बारीक तुकडा बसवलाय. तो बाहेरून दिसत नाही; त्यांनी सांगितलं म्हणून मला कळलं.

आता लाकडाकडे येऊ. मूळ जहाज सागाचं, तेव्हा प्रतिकृतीही सागाचीच हवी, असं कुणालाही वाटेल. आप्पांनी साग घेतला नाही, आणि या कामातला त्यांचा पहिला मोठा निर्णय मी तोच मानतो. लाकूड कापून लहान करता येतं, पण त्याचे रेषे आणि त्याची छिद्रं लहान होत नाहीत. सागाची छिद्रं नुसत्या डोळ्यांना दिसतात. चौसष्टपट लहान जहाजावर तसलं एक छिद्र म्हणजे माणसाचं बोट जाईल एवढं भोक. ओकच्या लाकडाचं हेच होतं, म्हणूनच इंग्रज कारागिरांनी ओकच्या जहाजांच्या प्रतिकृती पूर्वीपासून बॉक्सवुड आणि पेअर या घट्ट, बारीक पोताच्या लाकडांतून केल्या. आप्पांनी त्या जागी आपल्याकडचा हेदू घेतला. पिवळसर, एकसारख्या पोताचं हे लाकूड कातकामाला उत्तम. त्याला धार नीट लागते आणि कड तुटत नाही. डेकसाठी त्यांनी काळा कुडा वापरला. नावात काळा असला, तरी लाकूड हस्तिदंतासारखं फिकट. चन्नपट्टणची खेळणी याचीच होतात. तोफांच्या खिडक्यांखालून जाणारा जाड फळ्यांचा पट्टा तेवढा शिसवीचा. म्हणजे सागाच्या जहाजात सागाचं ढलपंही नाही, आणि तरी ते दोन हातांवरून सागाचं वाटतं. साग वापरला असता, तर ते जहाजाच्या आकाराचं फर्निचर वाटलं असतं.

आराखड्याचंही असंच. जुन्या इंग्रजी नौदलाचे मूळ आराखडे ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात आहेत, त्यांच्या प्रती विकत मिळतात. एका कागदावर तीन आकृत्या असतात: बाजूनं दिसणारं जहाज, वरून दिसणारी अर्धी रुंदी, आणि आडव्या छेदांचा एकात एक बसवलेला जुडगा, ज्यात उजवीकडे नाळेकडचा अर्धा भाग आणि डावीकडे सुकाणूकडचा. त्रिंकोमाली ज्या लेडा वर्गातलं, त्या वर्गाचा आकार १७८२ मध्ये पकडलेल्या एबे या फ्रेंच जहाजावरून घेतलेला. फ्रेंच आखणीतला तो उतरता, निमुळता बांधा या छेदांत दिसतो. पण नुसत्या रेषांवरून भरीव आकार डोळ्यांपुढं उभा करणं हे निराळंच शिक्षण आहे. आप्पा म्हणतात, ‘‘पहिले काही महिने मी काही कापलंच नाही रे. रोज संध्याकाळी कागद पुढ्यात घेऊन बसायचो. छेद क्रमांक अमुक म्हटलं की पोट कुठं सुटतं ते हातानं हवेत दाखवता आलं पाहिजे.’’ आणि ते दाखवतात. हाताचा पंजा मध्यावर जवळजवळ सपाट, मग मागे जाताना हळूहळू उभा होत जातो, आणि सुकाणूपाशी तळहात समोरासमोर येतात.

एकेक बरगडी तीन-चार तुकडे सांधून तयार होते. सगळ्या बरगड्या तळकण्यावर उभ्या केल्या की त्यांच्या बाहेरच्या कडा तासून एकाच प्रवाहात आणाव्या लागतात. कागदावर बरोबर असलेली बरगडी लाकडात केसभर पुढं आलेली असते. एक लवचिक पट्टी नाळेपासून मागेपर्यंत टेकवून पाहायची. जिथं ती उचलली जाते तिथं बरगडी उंच, जिथं खाली फट दिसते तिथं ती खोल. मग पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला चिकटवून घासत राहायचं. हे काम फळ्यांखाली झाकलं जातं खरं, पण त्यातली चूक झाकली जात नाही. वार्निशच्या हातानंतर तिरप्या उजेडात कुशीवर सावल्यांचे डबरे दिसू लागतात, आणि पाहणारा ‘काहीतरी खटकतंय’ एवढंच म्हणतो.

फळी बसवताना मी आप्पांना एकदा जवळून पाहिलं. नाळेजवळची, खालून चौथी का पाचवी फळी होती. खरी फळी साधारण दहा इंच रुंद धरली तर इथं ती चार मिलिमीटर. मध्यावर कुशीचा घेर मोठा, नाळेपाशी तो निम्म्यावर येतो, फळ्यांची संख्या मात्र तीच राहते. म्हणून प्रत्येक फळी टोकाकडे निमुळती करायची. ती किती, हे जागेवर मोजून ठरतं: उरलेला घेर उरलेल्या फळ्यांनी भागायचा, प्रत्येक बरगडीवर पेन्सिलीनं खूण करायची. निम्म्याहून अरुंद करायची वेळ आली, तर एक फळी मध्येच संपवून दोघींच्या जागी एक घ्यायची, कारण टोकदार फळीत खिळा धरत नाही. आणखी एक अडचण असते. लाकडाची पट्टी चपट्या अंगानं सहज वाकते, कडेच्या अंगानं वाकत नाही. मोसंबीची साल पाटावर सपाट पसरली की तिच्या कडा सरळ राहत नाहीत; तशीच नाळेवरची फळी सपाट केली तर ती मुळात वाकडी निघते. म्हणून ती रुंद पातळ पट्टीतून वाकडीच कापून घ्यावी लागते. आप्पांनी फटीवर चिकटपट्टी लावली, तिच्यावर शेजारच्या फळीची कड पेन्सिलीनं उमटवून घेतली, ती चिकटपट्टी पट्टीवर चिकटवून कापली. सोल्डरिंग आयर्नवर पितळी नळी चढवलेली होती. ओल्या फळीला तिच्यावरून दोनदा ओढलं, वाफेचा बारीकसा आवाज आला, आणि फळी वाकली. उष्णतेनं लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवणारं लिग्निन मऊ होतं आणि थंड होताना नव्या आकारात घट्ट बसतं. फळी जागेवर धरून ते म्हणाले, ‘‘आता बघ, दाब द्यायला लागतो का?’’ मी बोटानं टेकवली, ती तिथंच राहिली. ‘‘जी फळी क्लिपेनं दाबून बसवावी लागते ती उद्या सुटणार. फेविकॉल धरून ठेवायला आहे, जबरदस्तीला नाही.’’

या प्रतिकृतीत मला सर्वांत भावलेली गोष्ट उजव्या बाजूला आहे. डाव्या कुशीवर खालपर्यंत फळ्या आहेत. उजव्या कुशीत शिसवी पट्ट्याच्या खाली आप्पांनी फळ्या लावल्याच नाहीत. बरगड्या उघड्या ठेवल्या आहेत आणि त्यांमधून आतल्या डेकच्या तुळया दिसतात. ही रीत इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात रुळली. नौदलाच्या कारभारासाठी केलेल्या त्या प्रतिकृतींचं प्रमाण बहुधा एकास अठ्ठेचाळीस, म्हणजे फुटाला पाव इंच, आणि खालचा भाग उघडा. सॅम्युअल पेपिस नौदलाच्या कचेरीत नवखा होता, तेव्हा १६६२ मध्ये त्यानं कूपर नावाच्या खलाशाकडून जहाजाचे भाग शिकून घेतले, तेही कचेरीतल्या अशाच प्रतिकृतीवर बोट ठेवून. प्रशासक होण्यासाठी गलबताच्या बरगड्या मोजणारा हा माणूस पुढं त्या नौदलाचा कणा ठरला. त्या काळच्या प्रतिकृतींत बरगड्यांची मांडणी खऱ्या जहाजासारखी नसे, नेटक्या नक्षीसारखी असे. आप्पांनी मात्र आराखड्यातली मांडणी ठेवली, त्यामुळं त्यांची उघडी बाजू जुन्या प्रतिकृतींइतकी देखणी दिसत नाही. बरगड्यांमधल्या फटी कुठं अरुंद, कुठं रुंद आहेत. मला तेच योग्य वाटतं. उघडं ठेवायचं ते खरं दाखवण्यासाठी.

रंग त्यांनी लावला नाही. मूळ जहाजाच्या बाजूवर काळा-पांढरा रंग, खाली तांब्याचे पत्रे. पत्रे लावले असते तर फळ्या गेल्या असत्या, हे एक कारण. दुसरं कारण पुन्हा प्रमाणाचं. बाजारात मिळणाऱ्या संचांतल्या तांब्याच्या चकत्यांवर खिळ्यांचे उठावदार ठिपके असतात. खऱ्या पत्र्यावरच्या खिळ्याचं डोकं चौसष्टपट लहान केलं तर ते डोळ्यांना जेमतेम दिसेल. ठळक दिसतंय म्हणजे ते खोटं आहे. हाच न्याय शिडांना. कापडाचा विणलेला धागा लहान होत नाही, म्हणून कापडी शिडं लावलेलं जहाज पोत्यातून शिवलेलं वाटतं. आप्पांनी परबाणं रिकामी ठेवली आहेत, आणि दोर त्यामुळं जास्त स्पष्ट दिसतात.

इटली आणि स्पेनमधून येणाऱ्या संचांना नावं ठेवणं मला रुचत नाही. प्लायवूडचे तयार छेद, दुहेरी फळ्या, ओतीव पितळी तोफा या सोयींमुळंच हा छंद मध्यमवर्गीय घरात आला, आणि नवख्यानं तिथूनच सुरुवात करावी. फक्त पहिलंच जहाज १०४ तोफांचं व्हिक्टरी नको. त्या जहाजाचा मोह फार मोठा, आणि त्याचं दोरकाम धीर संपवणारं. ज्यांना व्हिक्टरी करायचंच आहे त्यांनी आधी लाँगरिजचं १९५५ मधलं ‘द अ‍ॅनॅटमी ऑफ नेल्सन्स शिप्स’ हे पुस्तक पाहावं. स्वतः केलेल्या व्हिक्टरीच्या आधारानं त्यानं ते लिहिलं, त्यामुळं प्रत्येक पानावर हातानं काम केलेल्या माणसाची अडचण आणि उपाय दोन्ही सापडतात.

तोफांबाबत आप्पांनी काढलेला मार्ग मला पटला. त्रिंकोमाली हे फ्रिगेट; त्याच्या मुख्य मजल्यावर अठरा पौंडी २८ तोफा. त्यांतल्या मध्यभागाच्या उघड्या चौकातून दिसणाऱ्या तोफा गाड्यासकट, दोरासकट पूर्ण केल्या आहेत. वरच्या डेकनं झाकलेल्यांना फक्त खिडकीबाहेर डोकावणारी नळी आहे, आत गाडा नाही. ‘न दिसणारंही पूर्ण करावं’ असं मानणारे लोक या छंदात खूप आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण बरगडी आणि गाडा यांत फरक आहे. झाकलेली बरगडी बाहेरच्या रेषेला आकार देते. झाकलेला गाडा कशालाच आकार देत नाही.

आता वर पाहू. दोरकामात पहिला घोटाळा जाडीचा होतो. त्या काळी दोर घेरानं मोजत. जुन्या तक्त्यात ‘सात इंच’ लिहिलेलं असलं तर तो व्यास नाही, घेर आहे, आधी ३.१४ नं भागायचं, मग चौसष्टनं. सात इंची दोर इथं जेमतेम ०.९ मिलिमीटर होतो. ही पायरी चुकलेली जहाजं लांबूनच ओळखू येतात, त्यांची डोलकाठी साखळदंडांनी बांधलेली वाटते. आप्पा दोर स्वतः वळतात. दातेरी चाकांच्या एका लहान यंत्रावर तीन पेड एका दिशेनं पिळून, मग उलट दिशेनं एकत्र आवळायचे. नांगराचा दोर निराळा: आधी वळलेले तीन दोर घेऊन त्यांचा डावा पीळ. टेबलावरच्या जहाजात हा डावा पीळ भिंगाखाली दिसतो. डोलकाठी ताणून धरणारे दोर डांबरात भिजवलेले असत म्हणून गडद. शिडं ओढायचे दोर फिके. हा रंगभेद इतका साधा आहे की त्याच्यामुळं एवढ्या जाळ्यातूनही नजर गोंधळत नाही. चढायच्या दोरशिड्यांची पावलं खऱ्या जहाजावर साधारण १३ इंचांवर, इथं पाच मिलिमीटरवर. प्रत्येक ओलांडणीवर क्लोव्ह हिच. आप्पांच्या गाठी ताणून आवळलेल्या नाहीत, त्यामुळं उभे दोर आत ओढले जाऊन कमरेत बारीक झालेले नाहीत. गाठ मारणाऱ्याचा स्वभाव इथं कळतो.

या प्रतिकृतीत एक जागा मला खटकते. मूळ जहाजाच्या नाळेवर फेटा बांधलेल्या पुरुषाचा पुतळा आहे. आप्पांचा पुतळा जेमतेम चार सेंटिमीटरचा, आणि त्यावर त्यांनी जीव ओतला आहे: फेट्याचा प्रत्येक पीळ, मिशीचं टोक, डोळ्यांच्या पापण्या. एकटा पाहिला तर तो अप्रतिम आहे. जहाजावर तो मोठ्यानं बोलतो. चौसष्टपट लांब उभं राहून पाहिलं तर माणसाच्या पापण्या दिसत नाहीत. तिथं उजेड आणि सावली एवढंच राहायला हवं होतं. ज्या नजरेनं साग नाकारला, शिडं नाकारली, तिनं इथं मोहाला वाट दिली. मी हे त्यांना सांगितलं. ते म्हणाले, ‘‘असेल. पण तो माणूस मुंबईत कोरला गेला असेल ना रे? त्याला तोंड द्यावंसं वाटलं.’’ हे उत्तर प्रतिकृतीच्या नियमात बसत नाही, आणि मी त्यावर वाद घातला नाही. नेपोलियनच्या युद्धांत इंग्लंडच्या नॉर्मन क्रॉस तळावरच्या फ्रेंच कैद्यांनी जेवणातली हाडं उकळून, तासून जहाजं केली. हाताशी आराखडे नव्हते, म्हणून डोलकाठ्या बेसुमार उंच गेल्या. त्या जहाजांतही प्रमाणापेक्षा आठवण मोठी झालेली दिसते, आणि पीटरबरोच्या संग्रहालयात ती आजही लोक थांबून पाहतात.

प्रतिकृती तपासताना मी सर्वांत शेवटी होड्या पाहतो. त्या जहाजाच्या मधल्या चौकात, तुळयांवर ठेवलेल्या असतात, आणि तिथवर येईपर्यंत करणारा थकलेला असतो. संचातली होडी बहुधा एकाच ठोकळ्यातून कोरलेली, तिची भिंत दोन मिलिमीटर जाड. खऱ्या मापानं ती पाच इंच होते. एवढ्या जाडीची होडी चार माणसांना उचलता येणार नाही. खऱ्या होडीची फळी पाऊण इंचाची, म्हणजे इथं ०.३ मिलिमीटर. आप्पांनी लाकडी साचा केला, त्यावर मेण लावलं, कुड्याच्या कागदासारख्या पातळ पट्ट्या वाकवून बरगड्या टाकल्या, त्यांवर फळ्या चढवल्या आणि वाळल्यावर होडी साच्यावरून सोडवली. सगळ्यांत लहान होडीच्या फळ्या तर कडेवर कड चढवलेल्या आहेत, जशा खऱ्या असत. ती होडी बोटाच्या पेरावर ठेवली तर वजन कळत नाही. उजेडात धरली की फळ्यांमधून उजेड तांबूस पाझरतो, आणि त्यात बरगड्या मोजता येतात.